माग कोणाचा, नक्षी कोणाची? गेम इंजिन निवडण्याच्या प्रश्नाचा इतिहास

१/२६
व्हिडिओ गेम तयार करू पाहणारा प्रत्येक जण आरंभी एकच प्रश्न विचारतो : इंजिन कोणते घ्यावे? युनिटी, अनरिअल की गोडो? उत्तरे बहुधा वैशिष्ट्यांच्या तक्त्यांतून दिली जातात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र त्यात एक जुना प्रश्न दिसतो. हत्यार कोणाच्या मालकीचे, त्याच्या अटी कोण ठरवतो आणि त्याने घडवलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा? सोलापूरने हा प्रश्न मागावर आणि गिरणीत पिढ्यान्‌पिढ्या अनुभवला आहे. म्हणून हा थ्रेड सोलापुरातून निघतो, कोपनहेगन, ब्वेनोस आयरेस आणि पुणे असा फिरतो आणि १९३० च्या सोलापूरला येऊन थांबतो. थ्रेडला मराठीत धागा म्हणतात. आमच्या गावात तो शब्द जरा जबाबदारीने वापरावा लागतो.

२/२६
आधी मागाकडे पाहू. साध्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा ठरलेल्या क्रमाने एकमेकांत गुंततात. नक्षी काढायची तर प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी ताण्यातले नेमके कोणते धागे उचलायचे, हे ठरवावे लागते. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये हे काम मागाजवळचा एक मदतनीस मुलगा दोऱ्या ओढून करत असे. १८०४ मध्ये ल्यों शहरातील जोसेफ मारी जॅकार्ड याने बूशों, फाल्कों आणि वोकांसों या पूर्वसुरींच्या प्रयोगांवर उभे राहून हे काम छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीकडे सोपवले. छिद्र असेल तर धागा उचलला जातो. नसेल तर तो जागीच राहतो.

३/२६
सोलापुरी चादर ही याच जॅकार्डची लेक. नक्षीकार आधी चौकटींच्या कागदावर मोर, वेल किंवा भौमितिक आकृती घरे भरून काढतो. त्या घरांप्रमाणे पुठ्ठ्यांना छिद्रे पाडली जातात, पुठ्ठे क्रमाने ओवले जातात आणि मागावर चढवले जातात. नवी नक्षी हवी असेल तर माग मोडावा लागत नाही; पुठ्ठ्यांची माळ बदलली की पुरते. यंत्र एक, नक्षी अनेक. ही साधी दिसणारी फारकत मानवी कारागिरीच्या इतिहासातील मोठ्या घटनांपैकी एक आहे आणि गेम इंजिनाची संपूर्ण कल्पना तिच्यातच दडलेली आहे.

४/२६
मालकीचा प्रश्नही जॅकार्डबरोबरच जन्मला. रोजगार जाईल या भयाने ल्योंच्या विणकरांनी त्याचे माग जाळले. दुसरीकडे नेपोलियनच्या सरकारने १८०६ च्या सुमारास हे यंत्र सार्वजनिक मालमत्ता म्हणून जाहीर केले. संशोधकाला निवृत्तिवेतन आणि प्रत्येक मागामागे ठराविक मोबदला देऊ केला. १८१२ पर्यंत फ्रान्समध्ये सुमारे ११,००० जॅकार्ड माग चालू होते. यंत्र सर्वांसाठी खुले, परंतु निर्मात्याला प्रत्येक वापरामागे वाटा, हा तोडगा लक्षात ठेवावा. दोन शतकांनंतर तो संगणकाच्या पडद्यावर पुन्हा भेटणार आहे.

५/२६
जॅकार्डच्या पुठ्ठ्यांनी विणकामाबाहेरही मजल मारली. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित ‘अ‍ॅनॅलिटिकल इंजिन’ला आज्ञा देण्यासाठी हेच पुठ्ठे योजले. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने या यंत्रावर लिहिलेल्या टिपणांत त्याची तुलना जॅकार्डच्या मागाशी केली. गणिती यंत्रासाठी ‘इंजिन’ हा शब्द बॅबेजच्या काळापासूनचा. आजच्या गेम इंजिनाचे कामही मागासारखेच आहे : दर सेकंदाला तीस किंवा साठ चित्रे पडद्यावर काढणे, वस्तूंच्या टकरी मोजणे, ध्वनी वाजवणे, खेळाडूने दाबलेली कळ ओळखणे. कथा, पात्रे, नकाशे आणि नियम हे त्यावर चढवायचे पुठ्ठे.

६/२६
आरंभीच्या काळात मात्र माग आणि नक्षी वेगळे नव्हते. १९६२ मध्ये एमआयटीतील विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘स्पेसवॉर’ असो की १९७७ च्या अटारी यंत्रावरचे खेळ, प्रत्येक खेळ मुळापासून लिहावा लागे. त्या अटारीची कार्यस्मृती अवघी १२८ बाइट होती. म्हणजे या परिच्छेदाची पहिली ओळही तिच्यात पुरती मावली नसती. इतक्या अरुंद जागेत यंत्र वेगळे आणि आशय वेगळा ठेवण्याची चैन परवडणारी नव्हती. विणकराने प्रत्येक चादरीसाठी नवा माग सुताराकडून करवून घ्यावा, तसा तो प्रकार होता.

७/२६
फारकतीची पहिली ठळक पावले शब्दांच्या खेळांत पडली. ‘झोर्क’ घडवणाऱ्या इन्फोकॉम कंपनीने १९७९ मध्ये एक काल्पनिक यंत्र आखले. कथा त्या यंत्रासाठी एकदाच लिहायची आणि प्रत्येक जातीच्या संगणकासाठी फक्त दुभाष्या नवा करायचा, अशी ती योजना. १९८७ मध्ये लुकासफिल्म गेम्सने ‘मॅनिअक मॅन्शन’साठी रचलेली ‘स्कम’ ही प्रणालीही याच घराण्यातली; पुढे दहा वर्षे त्यांचे अनेक साहसी खेळ तिच्यावर बेतले गेले. म्हणजे इंजिनाचा उगम केवळ बंदुकीच्या खेळांत नाही. त्याचे एक मूळ कथनात आहे.

८/२६
तरीही ‘गेम इंजिन’ हा शब्द रूढ केला तो बंदुकीच्याच खेळाने. १० डिसेंबर १९९३ रोजी इड सॉफ्टवेअरचा ‘डूम’ प्रकाशित झाला. जॉन कार्मॅकने त्यात चालवणारा भाग आणि नकाशे, चित्रे, ध्वनी यांचा साठा वेगवेगळ्या फायलींत ठेवला. परिणामी सामान्य खेळाडूही स्वतःचे नकाशे रचू लागले. रेव्हन सॉफ्टवेअरने हेच इंजिन परवान्याने घेऊन १९९४ मध्ये ‘हेरेटिक’ काढला. १९९६ च्या ‘क्वेक’चे इंजिन व्हॉल्व्हने घेतले, त्यात भरपूर फेरफार केले आणि १९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ घडवला. खेळाबरोबर खेळाचा मागही विक्रीला आला.

९/२६
प्रत्येक मागाला एक पन्हा असतो. त्याहून रुंद कापड त्यावर निघत नाही. डूमच्या इंजिनाचा पन्हा असा की एका मजल्यावर दुसरा मजला रचता येत नसे. नकाशा मुळात सपाट; केवळ जमिनीची आणि छताची उंची बदलून खोलीचा भास निर्माण होई. सोलापूरचा भुईकोट किल्ला डोळ्यांसमोर आणा : खंदक, दुहेरी तट, बुरूज, शेजारी सिद्धेश्वर तलाव. खंदक आणि तट डूममध्ये उभे करता आले असते. परंतु खाली खोली आणि वर पहाऱ्याची जागा असा दुमजली बुरूज शक्य नव्हता. इंजिन अशा रीतीने भूतकाळाचा आकारच ठरवून टाकते.

१०/२६
ही मर्यादा केवळ भूमितीची नसते. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठा साम्राज्य खेळाडूला निवडता येते. आपल्यापैकी अनेकांना अठराव्या शतकाची गोडी त्यातूनच लागली असेल. पण ज्या यंत्रणेचे मुख्य बळ हजारो सैनिक रणांगणावर हलवण्यात आहे, तिला भूतकाळ म्हणजे प्रामुख्याने लढाया आणि प्रांतांचे उत्पन्न असाच दिसणार. वतनाचा तंटा, दुष्काळात गाव सोडणारे कुटुंब, पेठ वसवणारा व्यापारी हे तिच्या पन्ह्यात सहजी बसत नाहीत. ‘कोणते इंजिन?’ या प्रश्नाआधी ‘खेळाडूने या खेळात नेमके काय करायचे?’ हे क्रियापद ठरवावे, ते याचसाठी.

११/२६
आता आजचे तीन प्रमुख पर्याय. पहिला अनरिअल. एपिक गेम्सच्या टिम स्वीनी यांनी १९९८ च्या ‘अनरिअल’ या खेळासाठी तो घडवला. प्रकाश, पोत आणि भव्य त्रिमिती दृश्ये हे त्याचे सामर्थ्य. २०१४ मध्ये त्यासाठी महिना १९ डॉलर आणि उत्पन्नाचे ५ टक्के द्यावे लागत. २०१५ पासून मासिक शुल्क गेले, वाटा राहिला. २०२० पासून खेळाच्या पहिल्या दहा लाख डॉलर उत्पन्नावरचा वाटाही माफ झाला. मूळ तत्त्व जॅकार्डच्या मोबदल्याचेच : माग घ्या, विणा, कापड खपले तर वाटा द्या.

१२/२६
दुसरा युनिटी. कोपनहेगनमधील डेव्हिड हेल्गासन, निकोलस फ्रान्सिस आणि योआखिम आन्टे या तिघांनी ‘गूबॉल’ नावाचा खेळ काढला. खेळ चालला नाही. परंतु त्यासाठी घडवलेली साधने मौल्यवान आहेत, हे त्यांनी ओळखले. २००५ मध्ये युनिटी प्रथम मॅक संगणकासाठी आली, २००८ मध्ये आयफोनला जोडली गेली आणि २००९ मध्ये तिची विनाशुल्क आवृत्ती निघाली. मोबाइलच्या लाटेवर ती जगभर पसरली. २०१६ चा ‘पोकेमॉन गो’ युनिटीवरच उभा होता. भारतातील मोबाइल गेमच्या धंद्यात नोकरी शोधणाऱ्याला आजही युनिटीचे ज्ञान उपयोगी पडते.

१३/२६
तिसरा गोडो. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी तो अनेक वर्षे आपल्या कामापुरता वाढवला आणि २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली सर्वांसाठी खुला केला. नाव सॅम्युअल बेकेटच्या प्रसिद्ध नाटकावरून घेतलेले. परवान्याचा अर्थ सरळ आहे : वापरा, बदला, विका, परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, वाटा कोणालाही द्यायचा नाही. मार्च २०२३ मध्ये त्याची चौथी मोठी आवृत्ती आली. उणिवाही आहेत. अतिभव्य त्रिमिती दृश्यांत तो अनरिअलच्या मागे आहे आणि प्लेस्टेशनसारख्या यंत्रांवर खेळ नेण्यासाठी बहुधा त्रयस्थ कंपनीची मदत घ्यावी लागते, कारण त्या यंत्रांची तंत्रमाहिती गोपनीयतेच्या करारांत बंद असते.

१४/२६
१२ सप्टेंबर २०२३ रोजी या तिघांतील तोल एकाएकी ढळला. युनिटीने जाहीर केले की १ जानेवारी २०२४ पासून ठराविक मर्यादेपलीकडे खेळ जितक्या वेळा उतरवून घेतला जाईल, तितक्या वेळा शुल्क पडेल. लहान निर्मात्यांसाठी ते दर वेळी २० सेंटपर्यंत. आधीच प्रकाशित झालेले खेळही या कक्षेत येत होते. वर्षानुवर्षे एका अटीवर विणलेल्या कापडाला नवी अट लागणार होती. निर्मात्यांचा क्षोभ उसळला. दहा दिवसांत कंपनीने अटी सौम्य केल्या, ऑक्टोबरमध्ये प्रमुख जॉन रिचिटेलो पायउतार झाले आणि बरोबर एका वर्षाने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ते शुल्क पूर्णपणे मागे घेतले गेले.

१५/२६
सोलापूरकराला या घटनेत एक ओळखीची छाया दिसते. येथील ‘जुनी मिल’, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, १८७७ पासून शहराच्या अर्थजीवनाचा कणा होती. ऑगस्ट १९४९ मध्ये व्यवस्थापनाने ती बंद केली. हजारो कामगारांच्या हाताचे काम गेले. हात तेच, कौशल्य तेच, बाजारात कापडाची गरजही होती. पण यंत्राच्या दाराला कुलूप होते. ९ जानेवारी १९५० रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचे व्यवस्थापन हाती घेतले. प्रजासत्ताक अस्तित्वात यायला तेव्हा अवघे सतरा दिवस उरले होते.

१६/२६
हा वाद थेट नव्या सर्वोच्च न्यायालयात गेला. चिरंजित लाल चौधरी या भागधारकाने आपल्या मूलभूत हक्कांवर आक्रमण झाल्याचा दावा केला. ४ डिसेंबर १९५० रोजी बहुमताने तो फेटाळला गेला. पुढे द्वारकादास श्रीनिवास खटल्यात, डिसेंबर १९५३ मध्ये, न्यायालयाने उलट दिशेचा निर्णय दिला : भरपाई न देता मालमत्ता अशी ताब्यात घेता येणार नाही. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे ज्या निर्णयांची पार्श्वभूमी होती, त्यांत हाही एक. यंत्र कोणाचे आणि ते बंद ठेवण्याचा अधिकार कोणाचा, या सोलापूरच्या प्रश्नाने देशाच्या राज्यघटनेचा मजकूर बदलण्यास हातभार लावला.

१७/२६
तुलना ताणू नये. गिरणी कामगाराचे पोट आणि गेम निर्मात्याचा परवाना यांची बरोबरी होत नाही. पण फरक कोठे आहे हे पाहिले तर निवडीचे एक सूत्र हाती लागते. १९४९ च्या कामगाराजवळ दुसरी गिरणी नव्हती. २०२३ च्या निर्मात्याजवळ दुसरे इंजिन होते. ‘टेरारिया’च्या निर्मात्यांनी गोडोला एक लाख डॉलरची देणगी दिली, ‘स्ले द स्पायर’च्या निर्मात्यांनी आपला पुढचा खेळ गोडोवर नेला. कंपनी नमली ती केवळ रोषामुळे नव्हे. जाण्याची वाट उघडी होती म्हणून. जे कधीच गोडो वापरणार नाहीत, त्यांच्याही अटी गोडोच्या अस्तित्वामुळे सुसह्य राहतात.

१८/२६
याचा अर्थ खुले इंजिन सदैव योग्य, असा नाही. महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संघाने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ अनरिअल ४ वर घडवला. राजस्थानी वास्तुशिल्प, पहाडी चित्रशैलीची रंगसंगती आणि कथनासाठी छायाबाहुल्या. २०१७ मधील लोकवर्गणीचे उद्दिष्ट पुरे झाले नाही. तरी काम थांबले नाही. एपिकचे अनुदान मिळाले आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ निन्टेन्डो स्विचवर आला. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळाले. त्रिमिती दृश्यवैभव हाच ज्याचा प्राण, त्याने अनरिअल घेणे सयुक्तिक होते.

१९/२६
पुण्यातच दुसरे टोकही दिसते. युबिसॉफ्टचा पुणे स्टुडिओ २००८ पासून आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या अवताराची घोषणा झाली, तेव्हा ते काम पुणे आणि मुंबईच्या संघांकडे होते, त्यासाठी वापरायचे ‘अ‍ॅन्व्हिल’ हे इंजिन कंपनीचे स्वतःचे, बाहेर न विकले जाणारे. मे २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला हलवले गेले. जुन्या सोलापुरात विणकराच्या अनेक स्थिती होत्या : स्वतःचा माग असलेला, व्यापाऱ्याकडून उधारीवर सूत घेणारा, कारखानदाराच्या मागावर मजुरीने विणणारा. गेमच्या धंद्यातही या तिन्ही स्थिती आहेत. आपण कोणत्या स्थितीत आहोत, हे ओळखून इंजिन शिकावे.

२०/२६
मराठी निर्मात्यासाठी आणखी एक कसोटी आहे आणि ती वैशिष्ट्यांच्या तक्त्यांत क्वचितच आढळते : देवनागरी. ‘सिद्धेश्वर’ हा शब्द घ्या. संगणकाच्या स्मृतीत आधी ‘स’ आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी असते. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ‘द्ध’ आणि ‘श्व’ ही जोडाक्षरे जुळायला हवीत. ‘मार्शल’मधला रफार पुढच्या ‘श’वर जाऊन बसायला हवा. ही जुळवणी करणारी यंत्रणा इंजिनात नसेल तर वेलांटी भलत्याच अक्षरावर चढते, हलन्त उघडे पडतात आणि ग्रामदैवताचे नावही वाचता येत नाही.

२१/२६
ही अडचण नवी नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात जावजी दादाजींनी देवनागरीचे देखणे खिळे पाडून घेतले, तेव्हा जोडाक्षरांसाठी शेकडो खिळे लागत. खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनी दीर्घकाळ खटपट केली. सावरकरांनी लिपिशुद्धीचा पुरस्कार करताना यंत्राच्या सोयीचाही विचार मांडला. पुढे १९८८ ची भारतीय ‘इस्की’ मानके आली आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी त्यांवर आधारली गेली. प्रत्येक पिढीपुढे प्रश्न एकच होता : लिपीने यंत्रासाठी वाकायचे की यंत्राने लिपीसाठी?

२२/२६
या कसोटीवर तिघे असे उतरतात. गोडोच्या चौथ्या आवृत्तीत अक्षरजुळवणीची यंत्रणा अंगभूत आहे. तिच्या मुळाशी ‘हार्फबझ’ हे खुले साधन आहे; नाव फारसीतून आलेले, त्यातला हर्फ म्हणजे अक्षर. अनरिअलमध्येही तेच साधन वापरले जाते. युनिटीत दीर्घकाळ प्रचलित असलेली ‘टेक्स्टमेशप्रो’ देवनागरीची अशी जुळवणी स्वतःहून करत नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत त्यासाठी नवी यंत्रणा येऊ लागली आहे. म्हणून कोणतेही इंजिन निवडण्यापूर्वी पहिल्याच दिवशी ‘सिद्धेश्वर’, ‘हुतात्मा’ आणि ‘मार्शल लॉ’ हे शब्द त्याच्या पडद्यावर उमटवून पाहावेत. सहा महिन्यांनी ही उणीव कळणे फार महाग पडते.

२३/२६
आता प्रत्यक्ष उदाहरण. समजा, मे १९३० च्या सोलापूरवर खेळ करायचा आहे. गांधीजींच्या अटकेची बातमी येते, गिरण्यांचे कामगार रस्त्यावर उतरतात. ८ मे रोजी गोळीबार होतो; शंकर शिवदारे हुतात्मा होतात. संतप्त जमावाच्या हातून पोलीस मारले जातात. पोलीस शहर सोडतात आणि काही दिवस सोलापूर ब्रिटिश अंमलाविना चालते. १२ मे रोजी लष्करी कायदा जारी होतो आणि जूनअखेरपर्यंत राहतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले जाते.

२४/२६
या इतिहासाचे क्रियापद कोणते? ‘गोळी झाडणे’ निवडले तर सर्व इंजिनांत तयार साचे मिळतील आणि खेळ आठवडाभरात उभा राहील. परंतु सोलापूरचा मे महिना त्यात नसेल. तो महिना निर्णयांचा होता. गांधी टोपी घालून बाहेर पडायचे की नाही? ‘गझनफर’ या पत्राचे संपादक असलेल्या कुर्बान हुसेन यांनी काय छापायचे? पोलीस निघून गेलेल्या शहरात दुकान उघडायचे का? शेजाऱ्याविरुद्ध साक्ष द्यायची का? येथे क्रियापद आहे ‘ठरवणे’, आणि खेळाचा मुख्य ऐवज आहे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या गावाची भाषा.

२५/२६
त्यामुळे या खेळासाठी माझी निवड गोडो. कारणे चार : द्विमिती चित्रे आणि संवाद यांना तो पुरेसा आहे, देवनागरीच नव्हे, कन्नड, तेलुगू आणि उजवीकडून लिहिली जाणारी उर्दूही तो जुळवू शकतो, साध्या संगणकावर चालतो, आणि त्याच्या अटी उद्या कोणी बदलल्या तरी हाती असलेली आवृत्ती आपलीच राहते. निव्वळ शब्दांतून खेळ रचायचा असेल तर ट्वाइन किंवा रेनपाय ही साधनेही विनाशुल्क आहेत. मात्र कोणाला भुईकोट किल्ला दगडान्‌दगड त्रिमितीत उभा करायचा असेल तर त्याने अनरिअल घ्यावे. मोबाइल गेमच्या कंपनीत नोकरी हे ध्येय असेल तर युनिटी शिकावी. येथे अपमान कोणत्याच मागाचा नाही.

२६/२६
शेवटचा मुद्दा जतनाचा. इड सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९७ मध्ये ‘डूम’ची मूळ संहिता खुली केली, म्हणूनच तो खेळ आजही नवनव्या यंत्रांवर चालतो. ज्यांची इंजिने बंद राहिली आणि कंपन्या बुडाल्या, असे कितीतरी खेळ आता उघडतही नाहीत. चार हुतात्म्यांवर केलेला खेळ दहा वर्षांत उघडेनासा झाला, तर आपण स्मारक नव्हे, जाहिरातफलक उभारला असे होईल. खेळ पुरा झाल्यावर त्याची संहिता, चित्रे, वापरलेल्या कागदपत्रांची यादी आणि इंजिनाची ती नेमकी आवृत्ती एकत्र बांधून एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावी. तुमच्या गावाच्या इतिहासावर खेळ करायचा झाला तर कोणती घटना घ्याल आणि तिचे क्रियापद कोणते असेल? खाली अवश्य लिहा.